लेथखालचा ड्रॉवर

डिझेलनं हात धुतले की दोन दिवस त्याचा वास जात नाही. साबण लावा नाहीतर लिंबू चोळा. नांदेडला परत आल्यावर पहिलाच ब्लाऊज कापायला घेतला तर गिऱ्हाईक बाई नाक वर करून म्हणाली, "ताई, गाडी दुरुस्त करून राहिल्या होत्या काय?" म्हटलं, "हो बाई, तसंच काहीतरी." काय सांगणार तिला? साठी ओलांडलेल्या शिंपीणबाईनं करवत धरली, रंधा मारला, लेथ मशीनच्या दोन पायांच्या मधात ड्रॉवर बसवला, हे ऐकून ती हसली असती. ती हसली असती आणि मी रडले असते, म्हणून गप्प बसले. कापड समोर पसरलेलं होतं, पण माझं मन काही त्या कापडावर नव्हतं.

माझं माहेर अहमदपूरचं. बाकीच्या बायकांना माहेर म्हटलं की अंगण आठवतं, तुळस आठवते. मला लेथ आठवते, लोखंड कातायची मशीन. आमच्या घराचा पुढचा भाग म्हणजे दुकान, मागं दोन खोल्या, आणि घरात यायचं तर मशीनला वळसा घालूनच यावं लागायचं. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती मशीन जुनीच हैदराबादेहून ट्रकवर आणली होती, माझ्या जन्माच्याही आधी. शाळेतनं आलं की आधी तिच्यावर हात ठेवायचा. उन्हाळ्यातसुद्धा तिचं ते बीड, म्हणजे ओतीव लोखंड, गार लागायचं. गाल टेकवला की मायच्या शिव्या सुरू व्हायच्या, "अवदसे, तेलकट झालीस की परत!"

त्या काळात मशीन पट्ट्यावर चालायची. पट्टा जिथं जोडलेला होता तो जोड पुलीवरून गेला की टक् वाजायचं. त्या टक्-टकीवर मी पाढे पाठ केले. आवाज जड झाला की समजायचं, अण्णांनी मोठा जॉब लावलाय. आवाज थांबला की माय चुलीवर तवा ठेवायची, कारण आता अण्णा हात धुऊन जेवायला येणार. आमच्या घरात घड्याळ होतं, पण त्याला कुणी विचारत नव्हतं. पुढं मोटार बसली, पट्टा गेला, तेव्हा माझी माय कित्येक दिवस भाकरी करपवत होती.

वासांचेही हंगाम होते आमच्याकडं. उन्हाळ्यात मोटारपंपाचे शाफ्ट यायचे, त्यांना विहिरीच्या गाळाचा वास. मिरगाच्या आधी बैलगाड्यांचे आख यायचे, वंगणानं काळे झालेले. थंडी पडली की उसाच्या चरख्याचे रोलर यायचे, आणि गुऱ्हाळवाले येताना पळसाच्या पानात गरम गूळ बांधून आणायचे. तापलेलं लोखंड, जळकं तेल आणि त्यात तो गूळ! अजून कुठं गुळाचा पाक उकळताना दिसला तर मला आधी लोखंडाचा वास येतो. लोक म्हणतात हिचं नाक बिघडलंय. बिघडू द्या. खेड्यातले लोक शिदोरी बांधूनच यायचे, जॉब होईपर्यंत दुकानाच्या पायरीवर भाकरी सोडायचे, आणि मला कांदा फोडून द्यायचे.

लोखंड कातताना जो बुरा पडतो, त्यात लांब-लांब कुरळ्या पट्ट्या निघतात. कधी निळ्या, कधी सोन्यासारख्या. मी त्यांच्या बांगड्या करून घालायची आणि मनगट कापून घ्यायची. माय हळद दाबून म्हणायची, "सासरी पण ह्याच घालून जा आता!" दादा माझ्यापेक्षा मोठा. तो अण्णांच्या हाताखाली शिकत होता. सगळ्यात लांब, न तुटलेली पट्टी निघाली की तो ती डालड्याच्या डब्यात माझ्यासाठी ठेवायचा, आणि मायला दिसू नये म्हणून डब्यावर चिंध्या टाकायचा.

खंडेनवमीला मात्र मशीन बंद. आदल्या दिवशी तिला रॉकेलनं आंघोळ. चकाला, म्हणजे जॉब पकडणाऱ्या तिच्या जबड्याला, हळदीकुंकू, झेंडूचा हार, सगळी हत्यारं धुऊन-पुसून पाटावर मांडलेली. शेजारच्या वेल्डिंगच्या दुकानातले महेबूबभाई त्या दिवशी त्यांचं शटर अर्धं खाली ओढायचे आणि नारळाचा प्रसाद मागायला यायचे. "आज तुमच्या बाईसाहेबाचा आराम, तर माझा पण आराम," म्हणायचे. दिवसभर घर बहिरं झाल्यासारखं वाटायचं. मला तो सण आवडायचा नाही, कारण ती गप्प असली की मला करमत नसे.

आता ती गप्पच होती. दादाच्या उजव्या अंगावरून वारं गेलं त्या दिवसापासून.

वहिनीचा फोन आला. "वन्सं, तुम्ही या. आमचा सचिन म्हणतोय, दिवाळी झाली की आम्हाला दोघांना पुण्याला घेऊन जातो. घराला गिऱ्हाईक बघतोय. मशीनला तर जळकोटचा एक जण तयार हाय, कवाबी येतो म्हणतोय. पण ह्यांना सांगायचं कुणी? माझी जीभ रेटत न्हाई. लेक फोनवर विषय काढतो आणि मधीच जेवलात का म्हणून इचारतो. तुमचं ऐकतेत ते. तुम्हीच सांगा." मी म्हटलं, "बरं, सांगते." फोन ठेवल्यावर कळलं की आपण काय कबूल करून बसलो. लोह्यापर्यंत एसटीत मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. दादा, तब्येत महत्त्वाची. दादा, काळ बदलला. एकही वाक्य मला माझं वाटेना.

दादा दुकानात स्टुलावर बसला होता. डाव्या हातात फडकं, आणि मशीनचा बेड, म्हणजे तिची लांबलचक पाठ, पुसणं चाललेलं. लेकराला जसं निवांत न्हाऊ घालावं तसं. मला बघून तोंडाच्या एका बाजूनं हसला. बोलणं जरा जड झालं होतं, पण समजत होतं.

"आलीस? बरं झालं. एक हात पायजेच होता मला."

"कशाला रे?"

"हिच्या खाली ड्रॉवर करायचाय."

मशीनचे दोन पाय म्हणजे बिडाच्या दोन पेट्याच. वर बुरा पडायचा ट्रे, आणि मधात मोकळी जागा, जिथं जन्मभर चिंध्या आणि तेलाचे डबे पडलेले. हत्यारं वर भिंतीला, खिळ्यांना, फळ्यांवर. आता दादाचा हात तिथवर जात नव्हता. म्हणून ड्रॉवर. खाली, बसल्या जागी सगळं हाताशी. म्हणजे हा परत मशीन लावणार होता. सांगायला आले होते आणि म्हणून बसले, "हो, करू की."

माळ्यावर सागाच्या फळ्या होत्या. खाली काढल्यावर त्यांच्यावरची धूळ फुंकत दादा म्हणाला, "तुझ्या शिलाई मशीनच्या टेबलाला ठिवल्या व्हत्या. ऱ्हाऊनच गेलं बघ." मी म्हटलं, "म्हणजे माझं टेबल हिनं खाल्लं म्हणायचं!" तो म्हणाला, "खाऊ दी. लई दिवस तेलावरच हाय." आणि आम्ही दोघं हसलो. वहिनी दारातून बघत होती. तिनं भुवया उचलून विचारलं, सांगितलं का? मी नाही म्हणून मान हलवली.

आता करवत धरायची तर सवय लागते. महेबूबभाई आले, मला घाम पुसताना बघून म्हणाले, "ताई, कपडा नई है ये, लकडी है. जरा दम से." ड्रॉवर ज्यावरून सरकणार ते अँगल पायांना वेल्डिंग करून द्या म्हटलं तर त्यांनी कानाला हात लावला. "बीडाला वेल्डिंग धरत न्हाई. तडकलं पाय तर तुमचा भाऊ मला जिता ठेवणार न्हाई. मैं फ्रेम बना के देतूं, बोल्ट में कस दो." दादा स्टुलावरून बोट दाखवायचा, मी खूण करायची. लाकडाच्या भुश्शाचा वास त्या दुकानात पहिल्यांदाच आला असेल. तेलाच्या वासावर तो काही टिकत नव्हता, पण सकाळी शटर वर केलं की थोडा वेळ दोन्ही वास वेगळे यायचे.

आणि मग माझी फजिती झाली. फळ्या कापल्या, खिळल्या, चारी बाजू जुळल्या, गुण्यात म्हणजे काटकोनात बसल्या, मी खूश. उचलून मशीनखाली घालायला गेले तर ड्रॉवर आत जाईना! इकडून घाल, तिकडून घाल. दादानं टेप मागवला, माप घेतलं, पुन्हा घेतलं, आणि माझ्याकडं बघत राहिला.

"बाई, तू दोन्ही बाजूंनी वाढवून कापलंस?"

"मग? माया ठेवायची नाही का?"

जन्म गेला कापड कापण्यात. माप घेतलं की हात आपोआप बोटभर पुढं सरकतो. शिलाईत जातं ना ते. लाकडाला शिलाई नसते हे माझ्या डोक्यातच आलं नाही. दादा हसायला लागला. अर्ध्या तोंडानं, पण पोटातून. हसता हसता त्याला ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. "उद्या अल्टर करायला टाक त्याला!" वहिनी आतून धावत आली, काय झालं म्हणून. तो आजारी पडल्यापासून पहिल्यांदा असा पोटभर हसला, असं तिनं मला मागून सांगितलं, आणि पदर तोंडाला लावून मोरीत जाऊन उभी राहिली. मी मग सगळं उसवलं, म्हणजे खिळे काढले, आणि परत कापलं.

खरं सांगू का, त्या दिवसांत मी येडी झाले होते. मलाच वाटायला लागलं की जमेल. डावा हात काय वाईट असतो? पोरं कशी डाव्या हातानं झरझर लिहितात. सचिनला सांगू, एक वर्ष थांब. जळकोटवाल्याला सांगू, दुसरीकडं बघ. रोज संध्याकाळी वहिनी दारात यायची, भुवया उचलायची, आणि मी रोज मान हलवायची. शेवटी एकदा तिनं मला स्वयंपाकघरात ओढून विचारलं, "वन्सं, तुम्ही सांगायला आला का सुतारकी करायला?" पिठाच्या डब्याकडं बघत मी म्हटलं, "ड्रॉवर होऊ द्या, मग सांगते."

ड्रॉवरच्या आत दादाला कप्पे पाहिजे होते, प्रत्येक हत्याराला त्याच्या मापाचा. कानशी, पान्हे, ड्रिल, कातायच्या टूलचे तुकडे, चकची चावी. एकेक हत्यार फळीवर आडवं ठेवायचं, भोवतीनं पेन्सिल फिरवायची, पट्ट्या ठोकायच्या. प्रत्येक हत्यार हातात घेतलं की तो सांगायचा, हे अण्णांचं, हे उदगीरच्या बाजारातलं, ह्याचं टोक तुझ्या बारशाच्या दिवशी तुटलं, अण्णा लाडू वाटायचं सोडून हेच घासत बसले. मी ऐकत ठोकत होते. एकदा बोटावरच हातोडी बसली, तर म्हणाला, "हळद लाव," आणि आमची माय क्षणभर त्या दुकानात येऊन गेली.

मूठ बसवायची वेळ आली तेव्हा मी ती डावीकडं धरली. "तुझ्या हाताला सोपं पडेल."

"मधी बसव," दादा म्हणाला.

"अरे, पण तुला डाव्या—"

"मधी बसव गं. सगळ्यांच्या हाताला येती मग."

मी बसवली. मग त्यानं लाल रंगाची डबी काढायला लावली आणि म्हणाला, कप्प्या-कप्प्यावर नावं लिही. मला हसू आलं. "तुला कशाला रे नावं? डोळे झाकून हात घालशील तिथं पाहिजे ते हत्यार येतं तुझ्या हातात." त्यानं रंगाची डबी माझ्याकडं सरकवली. "लिही म्हणलं तर लिही," एवढंच म्हणाला. मी बसून लिहिलं. कानस बारीक. कानस जाड. चावी. माझं अक्षर चांगलं आहे, अण्णा दुकानाची पाटी माझ्याकडूनच रंगवून घ्यायचे.

ज्या दुपारी ड्रॉवर फ्रेममध्ये बसला, अँगलला थोडं मेण चोळल्यावर सरसर आत-बाहेर व्हायला लागला, त्या दुपारी दादानं स्वतः हत्यारं लावली. डाव्या हातानं, एकेक. मदत करू दिली नाही. सगळी बसल्यावर त्यानं ड्रॉवर लोटला, स्टुलावर नीट बसला आणि म्हणाला, "आता जळकोटवाल्याला फोन लाव. म्हणावं, टेंपो घेऊन ये."

माझ्या हातातली मेणाची वडी खाली पडली. "तुला कुणी सांगितलं?"

"हात गेलाय बाई. कान हायेत की जागेवर. तुम्ही समदे आत कुजबूज करून राहिले, मधी पडदा हाय, भिंत न्हाई."

"मग हे कशाला केलं रे आपण? मला वाटलं तू..."

"मला ठावं हाय तुला काय वाटलं. मलाबी एकदा वाटलं, मी कानस धरून बघितली. न्हाई जमत." तो मशीनकडं बघत होता, माझ्याकडं नाही. "लेक सासरी धाडताना रिकामी धाडतेत का कुणी? नव्या माणसाला हुडकत बसायला नको. जिथली वस्तू तिथं घावली की राग येत न्हाई हिचा."

मी त्या फरशीवरच बसले आणि रडले. लहान पोरीसारखी, आवाज काढून. वहिनी पडदा बाजूला सारून आली, आणि तिला काही विचारायची गरज पडली नाही. दादा आम्हा दोघींना म्हणाला, "रडा, रडा. पण चहा ठिवा कुणीतरी."

जळकोटवाला चांगला होता. तरणा गडी, स्वतःचं दुकान पहिल्यांदाच टाकत होता. मशीनला हात लावायच्या आधी त्यानं तिला नमस्कार केला, तेव्हा माझा त्याच्यावरचा राग थोडा कमी झाला. वहिनीनं चकाला हळदीकुंकू लावलं, मूठभर तांदूळ ट्रेमध्ये टाकले. चेनकप्पी लागली, खाली पाईप सारले, महेबूबभाई ओरडून-ओरडून घसा बसवून घेत होते. त्या गड्यानं ड्रॉवर ओढून बघितला आणि म्हणाला, "काका, हत्यारं राहिली की आत. काढून घ्या."

"ती तिचीच हायेत," दादा म्हणाला.

मग त्याला जवळ बोलावून सांगू लागला. "सकाळच्या पारी गार असती. जरा मोकळी फिरू दी, मग जॉब लाव. घाई केली की थरथरती. पावसाळ्यात बेडला तेल लावल्याबिगर झोपायला जाऊ नको." तो गडी मान हलवत होता. माझ्या लग्नात अण्णांनी माझ्या नवऱ्याला असंच बाजूला घेऊन सांगितलं होतं, सकाळी चहा होईपर्यंत हिला बोलू नका, चिडकी असते. मांडवाच्या खांबाआड उभी राहून मी ते ऐकलं होतं आणि मला लाज वाटली होती. आता अण्णा नाहीत, नवरा नाही, आणि सकाळी मला कुणीच काही बोलत नाही.

टेंपो गेला. दुकान एवढं मोठं आहे हे मला तोवर माहीत नव्हतं. मशीनच्या जागी फरशीवर तेलाचे दोन काळे चौकोन आणि चार भोकं राहिली. घरात जाताना मी सवयीनं वळसा घातला, वहिनीनंही घातला. मधून सरळ जायला कुणाचा पाय उठला नाही.

संध्याकाळपर्यंत दादाचं एकच चाललं होतं. "पोचली का इचार गं." मी म्हणायची, "अरे, आत्ताच गेले, पोचतील." थोड्या वेळानं परत. "रस्ता खराब हाय तिकडला. इचार तरी." दिवे लागायच्या वेळेला त्या गड्याचाच फोन आला. पोचली, उतरवली, जागेवर बसवली. मी स्पीकर लावला आणि फोन दादाच्या हातात दिला.

"ड्रॉवर उघडतोय का रे? वाटेत फ्रेम हलली नसंल ना?"

"बघतो की काका." त्यानं फोन जवळ धरला असावा, कारण लाकूड लोखंडावरून सरकत आल्याचा आवाज अगदी स्वच्छ आला. आत हत्यारं हलकेच किणकिणली. "एकदम मस्त उघडतोय काका."

"लाव आता. उघडा ठिवत जाऊ नको, बुरा जातो आत."

"बरं काका." परत तो आवाज आला, उलटा, आत जाणारा. मग काही नाही.

दादानं फोन कानाला लावला आणि मान तिरपी करून ऐकत राहिला. वहिनीनं दिवा लावला, ती त्याच्याकडं बघून माझ्याकडं बघायला लागली. तिकडून फोन केव्हाच बंद झाला होता. ते मी त्याला सांगितलं नाही.